प्लेटमागचा माणूस : वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

बेसबॉलमधल्या कॅचरविषयी, म्हणजे होम प्लेट या जमिनीतल्या पाटीमागे बसून चेंडू घेणाऱ्या खेळाडूविषयी, आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. व्यावसायिक बेसबॉल म्हणजे इथे अमेरिकेतली मेजर लीग आणि तिच्या हाताखालच्या मायनर लीग, असंच समजावं.

प्रश्न : क्रिकेटचा यष्टिरक्षक आणि बेसबॉलचा कॅचर यांचं काम एकच ना? मग कॅचरला एवढं डोक्यावर का घेतात?

मोजे आणि उकिडवं बसणं सोडलं तर साम्य फारसं नाही. क्रिकेटमध्ये कोणता चेंडू टाकायचा हे गोलंदाज ठरवतो. बेसबॉलमध्ये ती निवड बहुतेक वेळा कॅचर करतो. एका संघाचे पिचर (बॅटरकडे चेंडू टाकणारे) एका सामन्यात साधारण १४० ते १५० चेंडू टाकतात, आणि त्यातल्या जवळपास प्रत्येकाआधी कॅचरने प्रकार आणि जागा सुचवलेली असते. मैदानावरच्या नऊ जणांत तो एकटाच बाकीच्या आठांकडे तोंड करून बसतो. त्यामुळे कोण कुठे सरकलंय, कोणता रनर (फलंदाजी करणाऱ्या संघाचा पळणारा खेळाडू) आपल्या बेसपासून, म्हणजे ठाण्यापासून, जास्त पुढे आलाय, हे सगळ्यांत आधी त्यालाच दिसतं.

निवड कशी होते त्याचं एक उदाहरण घ्या. उजव्या हाताच्या बॅटरने ताशी ९६ मैल वेगाचा फास्टबॉल उजवीकडे फाऊल (मैदानाच्या रेषेबाहेर) मारला. याचा अर्थ त्याची बॅट उशिरा आली. नवखा कॅचर इथे ‘आता फसवू या’ म्हणून हळू चेंडू मागतो, आणि बॅटरचं काम सोपं होतं, कारण उशिरा येणाऱ्या बॅटशी वेग आपणच जुळवून दिलेला असतो. मुरलेला कॅचर पुन्हा फास्टबॉलच मागतो, फक्त चार बोटं वर किंवा आत. हळू चेंडूचा डाव तो बॅटर घाई करायला लागेपर्यंत राखून ठेवतो.

पूर्वी खुणा मांड्यांच्या मध्ये बोटांनी व्हायच्या : एक बोट फास्टबॉल, दोन कर्व्ह (वळणारा चेंडू), आणि असंच पुढे. सेकंड बेसवरच्या रनरला त्या सरळ दिसायच्या, म्हणून खुणांची साखळी करावी लागायची आणि तिच्यात गोंधळही व्हायचा. ह्यूस्टन ॲस्ट्रोज या संघाने २०१७ मध्ये कॅमेरा लावून खुणा चोरल्याचं प्रकरण २०२० च्या सुरुवातीला चौकशीत शाबीत झालं. त्यानंतर २०२२ मध्ये ‘पिचकॉम’ आलं. कॅचर मनगटावरच्या किंवा गुडघ्यावरच्या पट्टीवर बटण दाबतो, आणि पिचरला व आणखी जास्तीत जास्त तीन क्षेत्ररक्षकांना टोपीत आवाज ऐकू येतो. २०२३ पासून पिचिंगला घड्याळ लागल्यामुळे विचार करायला वेळ कमी उरला आहे. घड्याळावर ९ सेकंद राहिले की कॅचर आपल्या चौकटीत बसलेला असावा लागतो. याचा परिणाम असा की पुढचे दोन-तीन चेंडू त्याने आधीच मनात मांडून ठेवावे लागतात.

प्रश्न : सेकंड बेसकडे पळणाऱ्या रनरला बाद करायला कॅचरचा थ्रो किती वेगात हवा? आमच्या मुलाचा हात जोरदार आहे, तरी रनर सुटतात.

एकटा हात पुरत नाही. आधी हिशेब पाहा. होम प्लेटपासून सेकंड बेसपर्यंतचं अंतर १२७ फूट ३ ३/८ इंच, म्हणजे जवळपास ३८.८ मीटर. चेंडू कॅचरच्या मिटमध्ये (जाड मोज्यात) आपटल्यापासून सेकंड बेसवरच्या मोज्यात पडेपर्यंतच्या वेळेला ‘पॉप टाइम’ म्हणतात. मेजर लीगमध्ये ही सरासरी २.० सेकंदांच्या आसपास असते. फिलाडेल्फियाच्या जे. टी. रियलम्यूटोसारखे मोजके लोक १.९ च्या खाली उतरतात. चांगल्या रनरला फर्स्टवरून सेकंडला पोचायला ३.४ ते ३.५ सेकंद लागतात. पिचरने हालचाल सुरू केल्यापासून चेंडू प्लेटवर यायला १.३ सेकंद गेले, की कॅचरच्या हातात २.१ ते २.२ उरतात. त्यातच थ्रो आणि टॅग (चेंडू धरलेला मोजा रनरला लावणं). पिचरने १.३ ऐवजी १.६ घेतले तर जगातला कुठलाच कॅचर काही करू शकत नाही. म्हणून मुलाला रागावण्याआधी स्टॉपवॉच पिचरवर लावून बघा. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

पॉप टाइमच्या दोन सेकंदांपैकी सव्वा सेकंद चेंडू हवेत असतो. उरलेला पाऊण सेकंद मिटमधून हातात घेऊन फेकण्यात जातो, आणि सराव याच पाऊण सेकंदाचा करायचा. चेंडू पुढे हात लांब करून घेऊ नका, शरीराजवळ येऊ द्या. घेतानाच उजवा पाय अर्धं पाऊल पुढे, मिटच्या मधोमधच्या रेषेखाली. मिट उजव्या कानाकडे येतं आणि वाटेत छातीसमोर हात चेंडूला भेटतो. हाताने मिटमध्ये जाऊन चेंडू शोधायचा नाही. बोटं शिवणीवर आडवी बसली पाहिजेत, नाहीतर चेंडू वाटेत वळतो. डावा पाय थेट सेकंड बेसच्या दिशेने पडतो. निशाणा बेसच्या फर्स्टकडच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, म्हणजे क्षेत्ररक्षकाला वेगळा टॅग करावा लागत नाही, रनर स्वतःच चेंडूवर येतो.

जोरदार हाताची मुलं हमखास दोन चुका करतात. पहिली, आधी पूर्ण उभं राहायचं आणि मग फेकायचं. डोकं वर गेलं की पाव सेकंद गेलाच. दुसरी, हात मागे लांब नेऊन आउटफिल्डरसारखं (लांबच्या क्षेत्ररक्षकासारखं) फेकायचं. दोन्हींवर एकच सराव आहे : थ्रो न करता मिटमधून हातात नुसती अदलाबदल, रोज ५० वेळा, आधी गुडघ्यांवर बसून आणि मग पायांसकट.

२०२३ पासून बेस १५ ऐवजी १८ इंचांचे झाले, फर्स्ट आणि सेकंडमधलं अंतर साडेचार इंचांनी कमी झालं, आणि पिचरला एका बॅटरदरम्यान दोनदाच बेसकडे फेकण्यासाठी किंवा थांबण्यासाठी पाय काढता येतो. परिणाम लगेच दिसला. २०२२ मध्ये २,४८६ बेस चोरले गेले होते (म्हणजे फटका न लागताच रनर पळून पुढच्या बेसवर पोचले), २०२३ मध्ये ३,५०३, आणि यशाचं प्रमाण सुमारे ७५ वरून ८० टक्क्यांवर गेलं. त्यात कॅचरांचे हात काही एका वर्षात कमजोर झाले नव्हते.

प्रश्न : शाळेच्या संघाला शिकवतो. टप्पा पडलेला चेंडू आमचा कॅचर मिटने पकडायला जातो आणि तो पायांतून मागे जातो. काय सांगावं?

सांगा की तो चेंडू पकडायचाच नाही. टप्पा पडणाऱ्या चेंडूसाठी कॅचर भिंत होतो, आणि भिंतीचं काम चेंडू समोर मरून पडेल एवढंच. मिट सगळ्यांत आधी जमिनीला लागतं, मांड्यांच्या मधल्या फटीत, तोंड उघडं. मग दोन्ही गुडघे त्याच्या दोन्ही बाजूंना. फेकायचा हात मिटच्या मागे. खांदे पुढे वाकवून गोल, हनुवटी छातीला टेकलेली. छाती चेंडूकडे झुकलेली असली की चेंडू प्लेटजवळच पडतो. ताठ राहिली की तो दहा फूट उडतो आणि रनर पुढच्या बेसवर जातो.

चेंडू बाजूला असेल तर त्या बाजूचा गुडघा आधी टाकायचा, आणि अंग किंचित आत वळवायचं, म्हणजे उसळी होम प्लेटच्या दिशेने येते. कर्व्हबॉल टप्प्यावर आपल्या फिरकीच्या दिशेने आणखी पळतो, म्हणून कॅचरने तो मागितला की मनात अर्धं सरकून ठेवायचं.

मुलं मिटने पकडायला का जातात? डोळे मिटले जातात म्हणून. डोळे मिटले की मान वळते, मान वळली की गळा आणि कान उघडे पडतात, आणि मार तिथेच बसतो. एकदा मार बसला की भीती दुप्पट होते. म्हणून सुरुवात मऊ चेंडूने करा. मुलाचे हात पाठीमागे ठेवा, पूर्ण संरक्षण घालून १५ फुटांवरून हळू टप्पे टाका, आणि छातीवरच घ्यायला सांगा. आठवडाभर मिट द्यायचंच नाही. चेंडू छातीवर आपटून काही होत नाही हे अंगाला पटलं की अर्धं शिक्षण झालं.

आजकाल मेजर लीगमधले बहुतेक कॅचर एक गुडघा आधीच जमिनीवर टेकून बसतात. त्याने खालचे चेंडू छान पकडता येतात, पण बाजूच्या टप्प्याला उशीर होतो अशी तक्रार जुने प्रशिक्षक करतात. शाळेच्या मुलाला आधी दोन्ही पायांवर बसून अडवायला शिकवावं, गुडघा नंतर, असं आमचं मत.

प्रश्न : ‘फ्रेमिंग’ म्हणजे अंपायरला फसवणंच ना? आणि आता यंत्र आल्यावर ही कला संपणार का?

फ्रेमिंग म्हणजे कडेवरचा चेंडू अंपायरला स्ट्राइक (झोनमधला, बॅटरच्या विरुद्ध मोजला जाणारा) वाटेल असा पकडणं; झोनबाहेरचा तो बॉल. फसवणं म्हणा, पण त्यात खोटं फारसं नसतं. चेंडू कडेवर आला आणि कॅचरचं मिट त्याच्या धक्क्याने बाहेर ढकललं गेलं, तर खरा स्ट्राइकसुद्धा अंपायरला बॉल वाटतो. फ्रेमिंगमधली निम्मी करामत ही हक्काचा स्ट्राइक गमावू न देण्याची असते. मिट चेंडूच्या खालून किंवा बाहेरून निघतं आणि पकडताना आत येतं. पकडून झाल्यावर ओढलं तर अंपायर चिडतो आणि पुढचे दोन चेंडूही देत नाही.

किंमत पाहायची तर विश्लेषक कडेवरच्या एका स्ट्राइकचं मोल सरासरी ०.१२५ धाव धरतात. आठ स्ट्राइक म्हणजे एक धाव. कॅचर होसे मोलिनाची फलंदाजीची कारकिर्दीतली सरासरी .२३३ (हजार प्रयत्नांत २३३ हिट) होती, पण २०१२ ते २०१४ या काळात टॅम्पा बे संघाने त्याला मुख्यतः याच कामासाठी ठेवलं. (त्याचे भाऊ बेंगी आणि यादियर हेही मेजर लीगचे कॅचर. तिघांकडेही वर्ल्ड सीरिजची (मेजर लीगच्या अंतिम मालिकेची) विजेत्याची अंगठी आहे. अशी घरं विरळा.)

२०२६ च्या हंगामापासून मेजर लीगमध्ये अंपायरच्या स्ट्राइक-बॉलच्या निर्णयावर यंत्राकडे दाद मागता येते. प्रत्येक संघाला दोन संधी, दाद खरी ठरली तर संधी कायम. मागू शकतात फक्त बॅटर, पिचर आणि कॅचर, तेही डग-आउटकडे (संघाच्या बाकांकडे) न बघता, लगेच डोक्यावर थाप मारून. यंत्राचा झोन (स्ट्राइकची चौकट) १७ इंच रुंद, वरची कड बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर आणि खालची २७ टक्क्यांवर. सहा फुटी माणसाला हे अंदाजे साडेअडतीस आणि साडेएकोणीस इंच होतात.

कला संपत नाही, कारण बाकीचे सगळे चेंडू अजून अंपायरच बघतो. पण नवीन एक काम वाढलं : दाद कधी मागायची. पिचर उतावीळ असतो, त्याला आपला प्रत्येक चेंडू कडेवर वाटतो. त्याच्यापेक्षा कॅचरच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणं शहाणपणाचं. तिसऱ्या डावातल्या साध्या बॉलवर संधी घालवणारा कॅचर शेवटच्या, नवव्या डावात हात चोळत बसतो.

प्रश्न : कॅचर म्हणून पैसा कसा आणि कधी मिळतो? वर्तमानपत्रात कोट्यवधी डॉलरचे आकडे येतात, ते सगळ्यांना मिळतात का?

नाही, आणि यात कॅचरचं दुखणं इतरांपेक्षा जास्त आहे.

अमेरिकेतला खेळाडू शाळा संपवून किंवा कॉलेजचं तिसरं वर्ष संपवून ड्राफ्टमध्ये (क्लब फेऱ्याफेऱ्यांनी नवे खेळाडू निवडतात त्यात) येतो. २०२१ पासून ड्राफ्टच्या फेऱ्या २० आहेत. माईक पियाझाला १९८८ मध्ये डॉजर्स संघाने ६२व्या फेरीत, १,३९०व्या क्रमांकावर घेतलं होतं. तो फर्स्ट बेसवरून कॅचर झाला आणि २०१६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत) गेला. आज त्याची फेरीच अस्तित्वात नाही. नंतर मायनर लीगची शिडी : कॉम्प्लेक्स, सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए. २०२३ च्या कराराने ठरलेला किमान वार्षिक पगार सगळ्यांत खाली १९,८०० डॉलर, सगळ्यांत वर ३५,८०० डॉलर. पहिल्या काही फेऱ्यांत निवड झालेल्याला सहीचा मोठा बोनस मिळतो, बाकीच्यांची भिस्त यावरच.

मेजर लीगमध्ये पाय ठेवला की किमान पगार एकदम ७,८०,००० डॉलर (२०२६). पण तो दिवसांवर मोजला जातो. १७२ दिवस म्हणजे सेवेचं एक वर्ष. साधारण तीन वर्षं होईपर्यंत क्लब किमान पगाराच्या आसपासच देतो. तीन वर्षांनंतर लवादाचा (पगार त्रयस्थाकडून ठरवून घेण्याचा) हक्क मिळतो, सहा वर्षांनंतर खुल्या बाजारात, म्हणजे हव्या त्या क्लबकडे, जाता येतं.

आता वय मांडा. कॉलेजमधून २१ व्या वर्षी निवड, २५ व्या वर्षी पहिला मेजर लीग सामना, ३१ व्या वर्षी खुला बाजार. कॅचरचे गुडघे, बोटं आणि पाठ नेमकी याच सुमारास कुरकुरू लागतात, आणि क्लबांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून मोठा करार हवा तर तो सहा वर्षं पुरी होण्याआधीच पदरात पाडून घेणं कॅचरला जास्त परवडतं, भले बाजारापेक्षा थोडा कमी मिळो. कॅचर जो मावरने २०१० मध्ये मिनेसोटा संघाबरोबर ८ वर्षांचा १८ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला, तो २०११ पासून लागू झाला. २०१३ च्या ऑगस्टमध्ये फाऊल टिप (बॅटला निसटता लागून मागे आलेला चेंडू) मास्कवर बसून मेंदूला मार लागला आणि २०१४ पासून तो फर्स्ट बेसवर गेला, करार मात्र पुरा झाला.

दुसरा मार्ग राखीव कॅचरचा. २६ जणांच्या संघात बहुधा दोनच कॅचर असतात, तिसरा ट्रिपल एमध्ये बोलावण्याची वाट बघत. बॅट बेताची असली तरी पिचरांना सांभाळणारा, रात्रीच्या सामन्यानंतर दुसऱ्या दुपारी तक्रार न करता खेळणारा कॅचर बराच टिकतो. एरिक क्रॅट्झला २००२ मध्ये २९व्या फेरीत घेतलं. त्याचा पहिला मेजर लीग सामना २०१० मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, आणि शेवटचा २०२० मध्ये, चाळिशीत. पेन्शनचा हक्क मेजर लीगमधल्या ४३ दिवसांच्या सेवेने लागतो, त्यामुळे ट्रिपल एमधला तिसरा कॅचर हे दिवस बोटांवर मोजत असतो.

प्रश्न : डावखुरे कॅचर का दिसत नाहीत?

पुस्तकी उत्तर असं की बॅटर बहुतेक उजवे, आणि ते डावखुऱ्या कॅचरच्या फेकायच्या हाताच्या बाजूला उभे राहतात. थर्ड बेसकडे फेकताना त्याला वळावं लागतं, आणि होमवर टॅग करताना मिट अंगावरून पलीकडे न्यावं लागतं. हे सगळं खरं, पण अशक्य काहीच नाही. एकोणिसाव्या शतकात जॅक क्लेमेंट्स डावखुरा असून हजारावर सामने कॅचर म्हणून खेळला. १९८९ मध्ये पिट्सबर्गच्या बेनी डिस्टेफानोने तीन सामन्यांत ही जागा सांभाळली, तेवढंच. खरं कारण सरळ आहे : जोरदार डाव्या हाताचा मुलगा दिसला की प्रशिक्षक त्याला दहाव्या वर्षीच पिचर करतो.

प्रश्न : कॅचरचं शरीर किती वर्षं साथ देतं? सगळ्यांत जास्त काय मोडतं?

हंगाम १६२ सामन्यांचा. पहिला कॅचर आज ११० ते १३० सामने खेळतो. १९६८ मध्ये शिकागो कब्जच्या रँडी हंडलीने १६० सामन्यांत ही जागा सांभाळली होती, असं आता कोणी करू देणार नाही. कारकिर्दीत सर्वांत जास्त २,४२७ सामने इव्हान रॉड्रिगेझच्या नावावर आहेत.

मोडतात ती आधी बोटं. फाऊल टिप फेकायच्या हाताच्या अंगठ्यावर बसते. बेसवर कोणी नसेल तर तो हात पोटरीमागे लपवावा, रनर असेल तर मिटच्या मागे, अंगठा मुठीत घालून. अलीकडे नवा धोका आला आहे. खालचे चेंडू नीट घेता यावेत म्हणून कॅचर बॅटरच्या जवळ सरकलेत. ७ मे २०२४ ला सेंट लुईसच्या विल्सन कॉन्ट्रेरासच्या पुढे केलेल्या हातावर बॅट बसली आणि हाड मोडलं. नियमाने हा कॅचरचा अडथळा धरून बॅटरला फर्स्ट बेस मिळतो, हाडाला काही मिळत नाही. बॅटरचा मागचा पाय आणि स्विंगचा फेरा बघून दर वेळी अंतर ठरवणं एवढाच इलाज.

होमवरच्या धडका मात्र कमी झाल्या. २५ मे २०११ ला सॅन फ्रान्सिस्कोचा बस्टर पोझी अशाच एका धडकेत सापडला. पायाचं हाड मोडलं, घोट्याचे लिगामेंट फाटले. २०१४ पासून चेंडू हातात नसताना कॅचरने रनरची वाट अडवायची नाही आणि रनरनेही वाट सोडून त्याच्यावर चाल करायची नाही, असा नियम आहे. पोझी परत आला, २०१२ मध्ये मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर ठरला आणि २०२१ च्या हंगामानंतर ३४ व्या वर्षी निवृत्त झाला, .३०४ च्या सरासरीने खेळत असताना.

गुडघे गेले तरी डोकं शाबूत असतं, म्हणून मॅनेजरांत (संघाच्या मुख्य प्रशिक्षकांत) माजी कॅचर एवढे दिसतात. चार वर्ल्ड सीरिज जिंकणारा ब्रूस बोची त्यातलाच. दुसरा कॅचर स्टीव्हन व्होग्ट. त्याच्या मेजर लीगमधल्या पहिल्या ३२ प्रयत्नांत एकही हिट नव्हता. तो २०२२ मध्ये शेवटच्या फलंदाजीत होम रन मारून निवृत्त झाला, आणि २०२४ च्या हंगामात क्लीव्हलँडचा मॅनेजर होता.

प्रश्न : उंच उडालेला फाऊल पकडताना कॅचर मास्क लगेच का फेकत नाही?

लगेच फेकला तर धावताना त्याच्यावरच पाय पडतो. आधी मास्क काढून हातात धरायचा, चेंडू आकाशात सापडला की त्याच्या उलट दिशेला लांब फेकायचा. प्लेटमागे उडालेल्या चेंडूला उलटी फिरकी असते, त्यामुळे तो उतरताना मैदानाकडे परत येतो. म्हणून मैदानाकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे चेंडू आपल्याकडे सरकत येतो. मैदानाकडे तोंड करून उभा राहिलेला कॅचर शेवटच्या क्षणी चेंडूमागे धावत सुटतो.